वक्र पृष्ठावरील पुंज-हॉल अवस्था

१. प्रश्नाचे स्वरूप

धातूच्या पातळ पत्र्यातून विद्युत्प्रवाह वाहत असता पत्र्याच्या पृष्ठाला लंब असे चुंबकीय क्षेत्र लावले, तर प्रवाहाच्या आडव्या दिशेतही विद्युत्दाब उत्पन्न होतो. एडविन हॉल याने १८७९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सोन्याच्या वर्खावर प्रयोग करून ही गोष्ट प्रथम दाखविली. इलेक्ट्रॉनचा शोध लागावयास तेव्हा अजून अठरा वर्षांचा अवधी होता. आडव्या दाबाला प्रवाहाने भागले म्हणजे जी रास मिळते तिला हॉल-रोध असे नाव आहे. सामान्य परिस्थितीत चुंबकीय क्षेत्र जसजसे वाढवावे तसतसा हा रोधही त्याच प्रमाणात, एका सरळ रेषेत, वाढत जातो.

शंभर वर्षांनंतर या सरळ रेषेच्या जागी पायऱ्या दिसून आल्या. फ्रान्समधील ग्रनोबल येथील प्रयोगशाळेत १९८० च्या फेब्रुवारीतील ४ आणि ५ या तारखांमधील रात्री क्लाउस फॉन क्लित्सिंग हे सिलिकॉनच्या पृष्ठालगत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या अतिशय पातळ थराचे मापन करीत होते. निरपेक्ष शून्याच्या लगतच्या तापमानास आणि अतिप्रबळ क्षेत्रात हॉल-रोध सरळ रेषेत वाढत नाही; क्षेत्र वाढवीत गेले तरी तो काही अंतरापर्यंत एकाच मूल्यावर स्थिर राहतो आणि मग पुढच्या पायरीवर जातो. प्रत्येक पायरीची उंची म्हणजे सुमारे २५,८१२.८०७ ओहम या राशीला पूर्णांकाने भागून येणारी संख्या होय. थराचा आकार, त्याची शुद्धता, किंबहुना तो कोणत्या पदार्थाचा आहे ही गोष्टही या मूल्यास बाध आणीत नाही. या शोधाबद्दल फॉन क्लित्सिंग यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८२ मध्ये त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या अधिक शुद्ध थरात पूर्णांकांऐवजी १/३ या अपूर्णांकाची पायरी दाखविली. पूर्णांकी पायऱ्यांचा उलगडा एकेकट्या इलेक्ट्रॉनाच्या वर्तनावरून होत होता. १/३ चा तसा होईना. इलेक्ट्रॉन परस्परांना दूर सारीत असताना सर्वांनी मिळून एक नवाच द्रव तयार केला आहे असे मानल्यावाचून गत्यंतर नव्हते. या द्रवाचे तरंगफलन रॉबर्ट लाफलिन यांनी १९८३ मध्ये मांडले. त्सुई, श्टोर्मर आणि लाफलिन यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे सर्व प्रयोग शक्य तितक्या सपाट थरावर झालेले आहेत. असे असता उपपत्तिकार मात्र १९८३ पासून हेच कण गोलावर, कंकणावर, शंकूवर बसवून पाहत आले आहेत. वरवर पाहता हा गणिती हौसेचा प्रकार वाटेल. प्रारंभी गोलाचा उपयोग केवळ सोयीसाठी झाला हे खरेही आहे. परंतु सपाट पृष्ठावर ज्या दोन अवस्था एकसारख्याच दिसतात त्या वक्र पृष्ठावर वेगळ्या ओळखता येतात, हे पुढे ध्यानात आले. हा भेद कसा उत्पन्न होतो आणि त्याचे महत्त्व काय, याचे विवरण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२. जागांचा हिशेब

चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉन वर्तुळाकार फिरतो. पुंजसिद्धांतानुसार या फिरण्याची ऊर्जा वाटेल ती असू शकत नाही; ती ठरावीक पातळ्यांवरच असते. लेव लांडाऊ यांनी १९३० मध्ये हे गणित केले, म्हणून या पातळ्यांना लांडाऊ पातळ्या म्हणतात. प्रत्येक पातळीवर इलेक्ट्रॉनांना बसावयास पुष्कळ जागा असतात आणि त्या सर्वांची ऊर्जा सारखीच असते.

या जागा किती? पृष्ठातून आरपार जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या एकूण राशीला अभिवाह म्हणतात. अभिवाहाचे एक नैसर्गिक माप आहे. प्लांकच्या स्थिरांकाला इलेक्ट्रॉनाच्या विद्युत्भाराने भागले की ते मिळते. या मापास अभिवाह-पुंज म्हणू. सपाट पृष्ठावर एका पातळीतील जागांची संख्या त्या पृष्ठातून जाणाऱ्या अभिवाह-पुंजांच्या संख्येइतकी असते. १ टेस्ला क्षेत्रात १ चौरस मिलिमीटर पृष्ठावर सुमारे २४ कोटी जागा होतात.

इलेक्ट्रॉनांच्या संख्येला अभिवाह-पुंजांच्या संख्येने भागले म्हणजे भरण-गुणोत्तर मिळते. ते १ असेल तर पहिली पातळी पूर्ण भरलेली असते. १/३ असेल तर दर तीन जागांमागे एक इलेक्ट्रॉन असतो. हॉल-रोधाच्या पायरीवरून नेमके हेच गुणोत्तर वाचता येते. म्हणून एखाद्या अवस्थेचे नाव तिच्या गुणोत्तरावरून पडते. परंतु हे नाव तिची पूर्ण ओळख आहे काय, असा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

३. गोलाची निवड

लाफलिन यांचे तरंगफलन कितपत खरे आहे हे ताडून पाहावयाचे, तर मोजक्या इलेक्ट्रॉनांचा प्रश्न यंत्राच्या साहाय्याने तंतोतंत सोडविणे हा एक मार्ग असतो. दहा-बारा कण सपाट चकतीवर ठेवले तर त्यांपैकी निम्म्याहून अधिक कडेलगत येतात, आणि कडेचे वर्तन आतील द्रवाच्या वर्तनाहून निराळे असते. साहजिकच जे पाहावयाचे तेच झाकले जाते. डंकन हाल्डेन यांनी १९८३ मध्ये यावर उपाय सुचविला. पृष्ठ गोलाकार घ्यावे. गोलाला कड नाही आणि त्याचे सर्व बिंदू सारख्याच योग्यतेचे आहेत.

गोलाच्या पृष्ठातून सर्वत्र बाहेर जाणारे क्षेत्र हवे असेल तर त्याच्या केंद्रस्थानी एकटा उत्तर ध्रुव असला पाहिजे. असा एकध्रुव निसर्गात आजवर सापडलेला नाही. परंतु डिरॅक यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले होते की, तो असलाच तर त्याच्यापासून निघणारा अभिवाह पूर्ण पुंजांच्याच संख्येत असला पाहिजे. एरव्ही गोलावर इलेक्ट्रॉनाचे तरंगफलन सुसंगतपणे लिहिताच येणार नाही. म्हणून गोलावर अभिवाह-पुंजांची संख्या ही १, २, ३ अशी मोजण्याजोगी असते. हाल्डेन यांचा गोल हा प्रयोगशाळेतील पदार्थ नव्हे, तो विचाराने उभारलेला आहे. मात्र त्यावरील हिशेब काटेकोर आहे. या गोलावर काढलेले १/३ चे उत्तर लाफलिन यांच्या तरंगफलनाशी जवळजवळ तंतोतंत जुळले.

४. च्युती

गोलावर एक लहानसा चमत्कार आढळतो. दहा इलेक्ट्रॉनांनी १/३ अवस्था तयार करावयाची असेल तर सपाट पृष्ठाच्या हिशेबाने ३० अभिवाह-पुंज लागावेत. गोलावर ती ३० पुंजांना तयार होत नाही, २७ पुंजांना होते.

याचे कारण लाफलिन यांच्या तरंगफलनातच आहे. एका इलेक्ट्रॉनाकडे लक्ष देऊन इतर नऊ इलेक्ट्रॉन आपापल्या ठिकाणी स्थिर आहेत असे समजू. ज्या बिंदूपाशी हा इलेक्ट्रॉन सापडण्याचा संभव मुळीच नसतो, त्या बिंदूपाशी त्याचे तरंगफलन शून्य होते. १/३ अवस्थेत प्रत्येक इतर इलेक्ट्रॉनापाशी ते तिहेरी शून्य होते. त्यामुळेच इलेक्ट्रॉन एकमेकांपासून चांगले दूर राहतात आणि त्यांची ऊर्जा कमी राहते. गोलावर पहिल्या पातळीतील तरंगफलनाच्या शून्यांची संख्या अभिवाह-पुंजांच्या संख्येइतकीच असते, असा नियम आहे. नऊ सोबती आणि प्रत्येकाची तीन शून्ये, मिळून २७. इलेक्ट्रॉन स्वतःला सोबत्यांत मोजीत नाही, म्हणून तीस पुरे होत नाहीत.

हा तीनाचा फरक कणांची संख्या वाढविली तरी तीनच राहतो. शंभर कण घेतले तर अभिवाह ३०० ऐवजी २९७ येतो. पूर्ण भरलेल्या पहिल्या पातळीत हा फरक १ असतो, कारण तेथे प्रत्येक सोबत्यामागे एकच शून्य असते. इंग्रजीत या फरकाला शिफ्ट अशी संज्ञा आहे. खगोलशास्त्रातील ताम्रच्युती या शब्दात त्याच इंग्रजी शब्दासाठी च्युती हा पर्याय पूर्वीच योजलेला आहे. म्हणून येथेही च्युती हाच शब्द स्वीकारला आहे. नियम थोडक्यात असा: गोलावरील अभिवाह-पुंजांची संख्या म्हणजे कणांच्या संख्येला भरण-गुणोत्तराने भागून आलेल्या संख्येतून च्युती वजा करून उरणारी संख्या.

सपाट थरात च्युती दिसत नाही याचे कारणही आता स्पष्ट होईल. प्रत्यक्ष थरात कोट्यवधी पुंज असतात आणि त्याची कड नेमकी कोठे संपते हे तितक्या बारकाईने सांगता येत नाही. चोवीस कोटींच्या हिशेबात तीनाचा फरक कडेच्या अस्पष्टतेत विरून जातो. गोलाला कड नसल्यामुळे त्यास लपावयास जागाच उरत नाही.

ज्या अवस्थांचे भरण-गुणोत्तर एक असते त्यांची च्युतीही एक असलीच पाहिजे असे नाही. भाषेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. मराठीतील 'वेळ' हा शब्द प्रथमेत उभा असता पुंल्लिंगी आहे की स्त्रीलिंगी हे त्याच्या रूपावरून कळत नाही. प्रत्यय लागताच सामान्यरूप होते आणि भेद उघड होतो: 'थोड्या वेळाने' यातील शब्द पुंल्लिंगी, 'वेळेवर' यातील स्त्रीलिंगी. लिंगभेद प्रत्ययाने निर्माण केलेला नाही. तो शब्दात होताच, प्रत्ययाने तो दिसू लागला. शब्दाच्या अशा विकारास इंग्रजीत जी संज्ञा आहे तिचा मूळ लॅटिन अर्थ वाकविणे असाच आहे. भरण-गुणोत्तर हे अवस्थेचे प्रथमेतील रूप मानले, तर च्युती हे तिचे सामान्यरूप होय. पृष्ठ वाकविल्यावर ते प्रकट होते.

५. वक्रता कणास कशी जाणवते

च्युतीचा अर्थ १९९२ मध्ये शियाओगांग वेन आणि ए. झी यांनी अधिक खोलवर उलगडला. तो समजण्यासाठी वक्रतेची एक जुनी कसोटी आठवावी लागते.

पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापाशी हातात एक बाण धरून एक मनुष्य एका रेखावृत्ताने विषुववृत्तापर्यंत खाली आला, तेथून विषुववृत्तावर पाव फेरा चालला आणि दुसऱ्या रेखावृत्ताने ध्रुवावर परतला, असे समजू. वाटेत त्याने बाण कोठेही मुद्दाम वळविला नाही. तरीही ध्रुवावर परत आल्यावर बाण मूळ दिशेशी काटकोन करून असतो. हा काटकोन म्हणजे त्याने वेढलेल्या भागाची एकूण वक्रता होय. त्या भागाने गोलाचा आठवा हिस्सा व्यापलेला आहे, तेव्हा सबंध गोलाची वक्रता आठ काटकोन, म्हणजे दोन पूर्ण फेरे होते. गोल लहान असो वा मोठा, तो दाबून बटाट्यासारखा वेडावाकडा केला तरी ही बेरीज दोन फेरेच राहते. गाउस यांच्या १८२७ च्या आणि बोने यांच्या १८४८ च्या संशोधनातून हा सिद्धांत आकारास आला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वहीचा कागद गुंडाळून नळी केली तर ती वाकलेली दिसते, परंतु तिच्यावर बाण कसाही फिरवून आणला तरी दिशा बदलत नाही. या अर्थाने नळीची वक्रता शून्यच आहे. नारंगीची साल न फाडता मेजावर सपाट करता येत नाही. ती खरी वक्रता होय, आणि प्रस्तुत विवेचनात तीच अभिप्रेत आहे.

आता लांडाऊ पातळीतील इलेक्ट्रॉनाकडे वळू. तो बिंदुमात्र नाही. चुंबकीय क्षेत्रात तो स्वतःभोवती एक लहान वर्तुळ आखीत असतो आणि त्या फिरण्याचे परिवलन त्याच्या ठायी असते. त्यास कक्षीय परिवलन म्हणतात. त्याचे मूल्य पहिल्या पातळीत १/२ आणि दुसऱ्या पातळीत ३/२ धरले जाते. परिवलन असलेला कण हा बाण धरून चालणाऱ्या मनुष्यासारखा असतो. वक्र भागास वळसा घालून आला की त्याची दिशा वळते आणि त्यामुळे त्याच्या तरंगाची कला बदलते. चुंबकीय अभिवाहास वळसा घातल्यानेही तरंगाची कला अशीच बदलते. याचा अर्थ, कणाच्या दृष्टीने वक्रता ही जास्तीच्या अभिवाहासारखीच आहे. एक पूर्ण फेरा वक्रता ही कक्षीय परिवलनाइतक्या अभिवाह-पुंजांचे काम करते.

पहिल्या पातळीतील कणास गोलाच्या दोन फेऱ्यांपासून दुप्पट १/२, म्हणजे १ पुंज फुकट मिळतो. म्हणून तेथे च्युती १. १/३ अवस्थेत परस्परांच्या सान्निध्यामुळे प्रत्येक कणाचे सरासरी कक्षीय परिवलन ३/२ होते. म्हणून च्युती ३. पहिल्या दोन्ही पातळ्या पूर्ण भरल्या तर सरासरी १ आणि च्युती २ येते. च्युती म्हणजे सरासरी कक्षीय परिवलनाची दुप्पट, हा वेन आणि झी यांच्या विवेचनाचा निष्कर्ष. त्यावरून असेही निष्पन्न होते की, ज्या ठिकाणी वक्रता अधिक त्या ठिकाणी कणांची दाटी अधिक असते.

याच परिवलनाचा आणखी एक परिणाम १९९५ मध्ये आव्रॉन, झायलर आणि झोग्राफ यांनी दाखविला होता. पुंज-हॉल द्रवास एक विलक्षण श्यानता असते. नेहमीची श्यानता प्रवाहाची ऊर्जा खाऊन टाकते. ही ऊर्जा खात नाही, केवळ आडव्या दिशेने रेटा देते. या हॉल-श्यानतेचे मूल्य सरासरी कक्षीय परिवलनाने ठरते, हे निकोलस रीड यांनी २००९ मध्ये अपूर्णांकी अवस्थांसाठी सिद्ध केले. तात्पर्य, च्युती ही गोलावरील मोजणीची किरकोळ दुरुस्ती नव्हे. द्रवाच्या अंगचा तो एक गुण आहे.

६. कंकण

पृष्ठ कंकणाकार घेतले तर काय होते? कंकणाच्या बाहेरील अंगाची वक्रता आतील अंगाच्या विरुद्ध वक्रतेने पूर्णपणे भरून निघते आणि बेरीज शून्य होते. म्हणून कंकणावर च्युती नाहीशी होते. दहा कणांना बरोबर ३० पुंज लागतात.

परंतु कंकण दुसरेच एक रहस्य सांगते. गोलावर १/३ अवस्था एकच असते. कंकणावर समान ऊर्जेच्या तीन अवस्था येतात. वेन आणि न्यू यांनी १९९० मध्ये दाखविले की, पृष्ठास दोन छिद्रे असतील तर नऊ, तीन असतील तर सत्तावीस, अशी ही संख्या वाढत जाते. कणांची मांडणी जवळून कितीही न्याहाळली तरी या अवस्थांतील फरक दिसत नाही. तो संपूर्ण पृष्ठाच्या घडणीत साठविलेला असतो. आकार ताणला-वाकविला तरी न बदलणाऱ्या अशा गुणांचा अभ्यास संस्थितिविज्ञानात होतो. पदार्थाच्या अवस्थांचे वर्गीकरण या शास्त्राच्या आधारे करता येते ही दृष्टी पुंज-हॉल परिणामानेच रुजविली. थाउलेस, हाल्डेन आणि कॉस्टरलिट्झ यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक पदार्थाच्या अशा अवस्थांवरील उपपत्तीबद्दल देण्यात आले.

७. पाच-द्वितीयांशाचा वाद

च्युतीचे महत्त्व सर्वांत तीव्रतेने जाणवते ते ५/२ या अवस्थेच्या बाबतीत. १९८७ मध्ये विलेट आणि त्यांचे सहकारी यांनी ही पायरी नोंदविली. तोपर्यंत आढळलेल्या अपूर्णांकांचे छेद विषम होते आणि लाफलिन यांच्या विचारसरणीत तसेच असावयास हवे होते. सम छेदाची ही पायरी अपवादात्मक होती. ५/२ पैकी २ हे पूर्ण भरलेल्या पहिल्या पातळीचे; खरा प्रश्न तिच्यावरील अर्ध्या भरलेल्या पातळीचा आहे.

१९९१ मध्ये मूर आणि रीड यांनी सुचविले की, येथे कण जोड्या जमवितात. या अवस्थेत प्रत्येक सोबत्यामागे दोन शून्ये असतात, मात्र ज्याच्याशी जोडी जमली त्याच्यामागे एक शून्य कमी असते. तिच्या तरंगफलनात येणाऱ्या गणिती रचनेवरून तिला प्फाफियन म्हणतात. २००७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागा यांची अदलाबदल केली असता एक वेगळी अवस्था मिळते आणि तीही तितकीच संभाव्य आहे. हिला प्रति-प्फाफियन म्हणतात. या अदलाबदलीने जी मुळीच बदलत नाही अशी तिसरी अवस्था सोन यांच्या २०१५ च्या उपपत्तीतून पुढे आली. तिला सममित प्फाफियन म्हणता येईल.

तिघींचे भरण-गुणोत्तर एकच आहे, म्हणून हॉल-रोधाची पायरीही एकच. सपाट थरावरील रोधमापन त्यांच्यात निवाडा करू शकत नाही. गोलावर मात्र त्या तीन ठिकाणी उभ्या राहतात. अर्ध्या भरलेल्या पातळीत दहा कण असतील तर सपाट हिशेबाने २० पुंज हवेत. प्फाफियनची च्युती ३, म्हणून तिला १७ पुंज लागतात. सममित प्फाफियनची १, म्हणून १९. आणि प्रति-प्फाफियनची च्युती उणे १ असल्यामुळे तिला २१ पुंज लागतात.

येथेच या पद्धतीतील अडचणही ध्यानात घेतली पाहिजे. गोलावर गणित मांडावयाचे म्हणजे किती पुंज घ्यावयाचे हे आधीच ठरवावे लागते. ते ठरविले की तिघींपैकी कोणास प्रवेश द्यावयाचा हेही ठरून जाते. एकाच गोलावर तिघींची सरळ स्पर्धा लावता येत नाही. कंकणावर च्युती नसल्यामुळे ती लावता येते, पण तेथे त्यांना एकमेकींपासून ओळखणे अवघड होते. म्हणून दोन्ही पृष्ठांवरील गणिते एकमेकांना पूरक म्हणून वापरली जातात.

अशा गणितांचा कल बव्हंशी प्फाफियन किंवा प्रति-प्फाफियन यांच्याकडे राहिला आहे. उलट २०१८ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेत या थरातील उष्णतेच्या आडव्या वहनाचे मापन झाले, त्याचा कौल वेगळा पडला. या वहनाचे नैसर्गिक एकक धरले असता प्फाफियनसाठी ३.५, प्रति-प्फाफियनसाठी १.५ आणि सममित प्फाफियनसाठी २.५ असे मूल्य अपेक्षित होते. मिळाले ते २.५ च्या निकटचे. गणित एकीकडे आणि प्रयोग दुसरीकडे अशी ही स्थिती आहे. थरातील अशुद्धीमुळे अवस्थांचे तुकडे मिसळले असावेत, किंवा कडेवर उष्णतेचा पूर्ण समतोल साधला गेला नसावा, अशी स्पष्टीकरणे पुढे आली. त्यांवर एकमत झालेले नाही. या अवस्थांतील कणसदृश विक्षोभांची अदलाबदल केली असता अवस्था स्वतःच बदलते, आणि या गुणावर पुंज-संगणकाची एक योजना आधारलेली आहे. त्यामुळे खरी अवस्था कोणती हा प्रश्न केवळ नावाचा उरत नाही.

८. प्रयोगशाळेतील शंकू

एकध्रुवाच्या अभावी इलेक्ट्रॉनांचा गोल बांधता येत नाही. मग वक्रतेचा परिणाम प्रत्यक्ष पाहावयाचा कसा? शिकागो विद्यापीठात जोनाथन सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांच्या ऐवजी प्रकाशकणांचा आश्रय घेतला. प्रकाशकणास विद्युत्भार नसतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र त्यास वळवू शकत नाही. परंतु फिरत्या चबुतऱ्यावरील वस्तूस जी बाजूची ओढ जाणवते तिचे गणिती रूप चुंबकीय बलासारखेच असते. चार आरसे एका प्रतलात न ठेवता प्रकाशाचा मार्ग पिळला जाईल असे मांडले, तर प्रत्येक फेरीत प्रकाशाचे चित्र थोडे फिरते आणि प्रकाशकणांना लांडाऊ पातळ्या प्राप्त होतात.

या रचनेत प्रकाशाचे चित्र एका फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाने फिरविल्यावरही तसेच राहील अशी योजना केली होती. त्यामुळे वर्तुळाचा एक-तृतीयांश पाचर-तुकडा हेच खरे पृष्ठ उरते, आणि त्याच्या दोन कडा जोडलेल्या असल्यासारखे वर्तन होते. कागदाच्या अशा पाचरीच्या कडा जोडल्या की शंकू होतो. शंकूचे अंग सपाटच असते. सगळी वक्रता त्याच्या टोकाशी एकवटलेली असते, आणि येथे ती २/३ फेरा इतकी आहे. मागील नियमाने हिशेब केला तर पहिल्या पातळीसाठी २/३ गुणिले १/२, म्हणजे टोकाशी १/३ जागा जास्तीची मिळावयास हवी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात टोकाशी झालेली दाटी या अपेक्षेशी जुळली आणि सरासरी कक्षीय परिवलन १/२ च्या निकट आढळले. जी संख्या तीन दशके केवळ कल्पित गोलावर मोजली जात होती ती अशा रीतीने प्रयोगात उतरली.

या प्रयोगात प्रकाशकण परस्परांवर परिणाम करीत नव्हते. म्हणून तो पूर्णांकी अवस्थेपुरता होता. २०२० मध्ये त्याच गटाने अणूंच्या मध्यस्थीने प्रकाशकणांना परस्परांची जाणीव करून दिली आणि दोन प्रकाशकणांची लाफलिन अवस्था निर्माण केली. अशी अवस्था शंकूच्या टोकावर आणली तर अपूर्णांकी द्रवाची च्युतीही मोजता येण्याचा मार्ग मोकळा होतो.

पृष्ठ न वाकविताही द्रवाच्या भौमितिक गुणांचा शोध घेता येतो. हाल्डेन यांनी २०११ मध्ये असे प्रतिपादन केले की, अपूर्णांकी द्रवात प्रत्येक कणाभोवतीच्या रिकाम्या जागेचा आकार हाच एक स्वतंत्र घटक आहे. तो वर्तुळाकडून लंबवर्तुळाकडे आंदोलन पावू शकतो. गॅलियम आर्सेनाइडच्या थरावर वर्तुळध्रुवित प्रकाश टाकून केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा आंदोलनाचा पुरावा मिळाला. १/३ आणि २/३ या अवस्थांत त्याच्या फिरण्याची दिशा परस्परविरुद्ध आढळली. गोलावर १/३ ची च्युती ३ तर २/३ ची शून्य येते. या दोन अवस्थांच्या अंतर्रचनेतील जो भेद तेथे संख्येने व्यक्त होतो, तोच सपाट थरात दिशेने व्यक्त झाला.

९. समारोप

हॉल-रोधाची पायरी अतिशय काटेकोर आहे. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनाचा भार यांची मूल्ये आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत निश्चित केलेली असल्यामुळे २५,८१२.८०७ ओहम ही राशीही व्याख्येनेच ठरलेली आहे, आणि रोधाचे प्रमाण म्हणून ती जगभर वापरली जाते. परंतु मापनाचा काटेकोरपणा आणि ओळखीचा पुरेपणा या दोन भिन्न गोष्टी होत. पायरी भरण-गुणोत्तर सांगते. इलेक्ट्रॉनांनी आपसांत कोणती मांडणी केली आहे हे सांगत नाही.

ही मांडणी ओळखण्यासाठी आणखी काही अंक लागतात. गोलावरील च्युती हा त्यांपैकी पहिला, कंकणावरील अवस्थांची संख्या हा दुसरा आणि उष्णतेच्या आडव्या वहनाचा अंक हा तिसरा. ५/२ च्या बाबतीत यांपैकी तिसरा तेवढा प्रयोगाने हाती आलेला आहे, आणि गोलावरील गणितांशी त्याचा मेळ बसलेला नाही. या अवस्थेची हॉल-श्यानता किंवा वक्र भागाजवळील तिची दाटी मोजता आली, तर तिची च्युती थेट कळेल आणि ३, १ व उणे १ या तीन संख्यांपैकी एकीची निवड होऊन हा वाद मिटू शकेल. तोपर्यंत ५/२ हे एका अवस्थेचे नाव नसून तीन संभाव्य अवस्थांनी मिळून वापरलेले एकच नाव आहे, असे समजणे योग्य ठरेल.